दीड टन, पाच तारे आणि मी

शहाण्या माणसाला एखादा शब्द कळला नाही की तो अर्थ विचारतो. मी मान डोलावतो. ही विद्या मला शाळेतच साधली. विज्ञानाच्या तासाला सर फळ्यावर काहीही लिहोत, माझी मान अशी काही डोलायची की सरांना वाटे, निदान याला तरी कळतंय. पुढे मराठी घेऊन एम. ए. झालो आणि घरातलं बटण दाबल्यावर दिवा का लागतो याची चौकशी करणं मला आगाऊपणाचं वाटू लागलं. बटण आपलं काम करतं, आपण आपलं करावं.

हे तत्त्वज्ञान नागपुरात मार्चअखेरपर्यंत उत्तम चालतं. पारा ४५ च्या घरात गेला की तत्त्वज्ञानालाच घाम फुटतो.

आमच्या खिडकीत पत्र्याचा कूलर होता. तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, खाली टाकी, टाकीत पंप. तो चालू असला की खोलीत दोन माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू जात नसे. आमचा संसार सुखाचा झाला तो या कूलरमुळे, असं बायकोचं स्पष्ट मत आहे. तो कूलर आणखी वीस वर्षं चालला असता. पण साडूभाऊंनी ए. सी. घेतला. नुसता घेतला नाही, आम्हाला बघायला बोलावलं. त्या थंडगार खोलीत बसून मला जो ताप चढला, तो ए. सी. घेतल्याशिवाय उतरण्यातला नव्हता.

दुकानातल्या पोराने विचारलं, "काका, एक टन की दीड टन?"

मी मान डोलावली.

"दीड ना?"

मी पुन्हा डोलावली. मग त्याने तारे, कॉपर, इन्व्हर्टर असं बरंच काही सांगितलं. प्रत्येक शब्दाला मी मान देत गेलो आणि बाहेर पडलो तेव्हा दीड टनाचा, पाच ताऱ्यांचा इन्व्हर्टर ए. सी. माझा झाला होता.

रात्री झोप लागेना. दीड टन म्हणजे दीड हजार किलो, एवढं गणित कला शाखेच्या माणसालाही येतं. आमच्या बेडरूमची भिंत साडेचार इंची. पहाटे उठून ओळखीच्या गवंड्याला बोलावणं धाडलं. तो आला, भिंतीवर बोटाच्या पेरांनी ठकठक केली, कान लावला आणि म्हणाला, "दीड टन? भिंतीचं सोडा जी, अख्खं घर खाली येईन." त्याने खालून लोखंडी अँगल आणि दोन खांब टाकण्याचा अंदाजही काढून दिला. बेडरूममध्ये खांब कुठे येणार याच्या खडूच्या खुणा करून तो गेला.

त्या खुणा माझ्या भाचीने पाहिल्या. ती इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करते आणि सुट्टीत आमच्याकडे राहून मला बिघडलेल्या यंत्राच्या जागी धरते. "मामा, या खुणा कसल्या?" मी सांगितलं. ती हसली नाही. जमिनीवर बसली.

मग तिने टन उलगडला. हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे, बर्फाचा. वीज येण्याआधी गारवा हवा असेल तर बर्फ विकत घ्यावा लागे. अमेरिकेत तळी गोठली की बर्फाच्या लाद्या कापायच्या, भुशात गुंडाळायच्या आणि जहाजात भरायच्या, असा मोठा धंदा होता. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ मध्ये असा बर्फ थेट कलकत्त्याला पोचवला. पुढे तो मुंबई-मद्रासलाही येऊ लागला. मद्रासचं ते बर्फघर आजही उभं आहे. विवेकानंदांचा मुक्काम तिथे झाल्यामुळे आता ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं. पुढे गारवा करणारी यंत्रं आली तेव्हा गिऱ्हाइकाचा प्रश्न एकच होता, हे यंत्र रोज किती बर्फाचं काम करेल? चोवीस तासांत एक टन बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता जे यंत्र खेचून काढेल ते एक टनाचं. त्यातला टनही अमेरिकन, म्हणजे सुमारे ९०७ किलोचा. आजच्या हिशेबाने एक टन म्हणजे ३,५१७ वॅट आणि दीड टन म्हणजे सव्वापाच हजारांहून थोडे जास्त.

"आणि हा वीज किती खातो?" मी विचारलं. विषयात रस दाखवला की लाज झाकली जाते.

"साधारण दीड हजार वॅट."

"दीड हजार खाऊन सव्वापाच हजार देतो? हा तर सरळ नफा!"

"तो थंडी तयार करत नाही मामा. आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. तयार करायला जास्त लागतं, वाहून न्यायला कमी."

मी मान डोलावली. या खेपेला पन्नास टक्के खरी.

खडूच्या खुणा पुसून होतात न होतात तोच वायरमन आला. त्याने बोर्ड उघडला, टेस्टर लावला आणि विचारलं, "साहेब, लोड किती मंजूर आहे?" मी म्हणालो, "तसा आता काही लोड नाही, पोरगं नोकरीला लागलं." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुढचे सगळे प्रश्न बायकोला विचारले.

ए. सी.च्या जाड पिना साध्या सॉकेटात जात नाहीत, हे मला तेव्हा कळलं. मी कन्व्हर्टर लावून भागवावं म्हटलं तर तो म्हणाला, साधं सॉकेट ६ अँपिअरचं असतं, ए. सी.ला १६ चं लागतं. आपल्याकडे वीज येते २३० व्होल्टने. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट निघतात. म्हणजे साध्या सॉकेटची ताकद झाली १,३८० वॅट आणि आमचं बाळ दीड हजारांचं. पिना जाड केल्या आहेत त्या नेमक्या माझ्यासारख्यांना अडवायला. आणि आपण स्वस्तातला कन्व्हर्टर आणून ती अडवणूक मोडून काढतो, मग एक दिवस सॉकेट काळं पडतं आणि आपण सॉकेटच्या कंपनीला शिव्या देतो.

"मीटरपासून वेगळी वायर ओढून घ्या, चार चौरस मिलिमीटरची," १६ चं सॉकेट बसवून जाताना वायरमन म्हणाला. वेगळी वायर म्हणजे वेगळे पैसे. मी म्हणालो, "बघू." मराठी माणसाच्या तोंडी या शब्दाचा अर्थ काय होतो ते वायरमनला कुणी शिकवावं लागत नाही.

यानंतर आली अक्षय्य तृतीया. त्या दिवशी आमच्याकडे आमरसाचा बेत असतो आणि साडूभाऊंना सहकुटुंब आमंत्रण असतं. त्या वर्षी पंगत बेडरूममध्ये मांडली, कारण ए. सी. तिथे होता. गादी उभी करून भिंतीला टेकवली, खाली चादरी अंथरल्या. रिमोटवर मी १६ आकडा लावला. कमी आकडा लावला की खोली लवकर गार होते अशी माझी पक्की समजूत होती. (होत नाही. आकडा फक्त कुठे थांबायचं ते सांगतो. २०२० पासून नवे ए. सी. मुळातच २४ वर लावलेले येतात ते उगाच नव्हे.) साडूभाऊ गारठून रसात तूप घालून घेत होते, तेवढ्यात लाईन गेली.

या क्षणाची मी वाटच पाहत होतो. साडूभाऊंचा ए. सी. साधा, माझा इन्व्हर्टर. फरक आता दिसणार होता.

"कुणी उठू नका," मी म्हणालो. "हा इन्व्हर्टर ए. सी. आहे. लाईन गेली तरी चालतो. फक्त दम धरा."

सगळ्यांनी दम धरला. हातातले घास हातात ठेवून सगळी पंगत भिंतीकडे बघत राहिली. ए. सी.ची झडप अर्धवट उघडी राहिली होती. कुरडईचा तुकडा मोडल्याचा आवाज आला, बस. बराच वेळ गेल्यावर साडूभाऊ अगदी प्रेमाने म्हणाले, "त्याला बहुतेक कुणी सांगितलं नसेल."

यानंतर शहाणा माणूस गप्प बसला असता. मी हॉलमधल्या घरच्या इन्व्हर्टरच्या सॉकेटपर्यंत एक्स्टेन्शन बोर्ड ओढला, कपाटामागून कन्व्हर्टर काढला (तो मी वायरमनला न सांगता आणून ठेवलाच होता) आणि जाड पिना त्यात कोंबल्या. रिमोट दाबला. आधी नुसता वारा आला. साडूभाऊंच्या धाकट्याने टाळ्या वाजवल्या. मी पंगतीकडे अशा नजरेने पाहिलं की जणू वीज मीच शोधून काढली. मग बाहेरच्या युनिटमध्ये कॉम्प्रेसर घुरघुरायला लागला आणि हॉलमधून पीं पीं पीं असा आवाज सुरू झाला. इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला. ए. सी. गेला. त्याच्या जोडीला इतका वेळ इमाने इतबारे फिरत असलेला पंखाही गेला. उरलेलं जेवण साडूभाऊंनी वर्तमानपत्राने वारा घेत केलं. त्या दिवशीच्या अंकात माझाच लेख होता.

भाचीने संध्याकाळी कागदावर हिशेब मांडून दिला. आमची बॅटरी १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवरची. दोन्ही गुणले की १,८०० वॅट-अवर. म्हणजे ए. सी.ला ती कागदावरसुद्धा सव्वा तासाच्या आतच संपणार. पण तो प्रश्नच येत नाही, कारण आमचा इन्व्हर्टर ९०० व्हीएचा. सातशे-साडेसातशे वॅटच्या पुढे तो हात टेकतो.

"मग याला इन्व्हर्टर म्हणतात कशाला?" मी चिडून विचारलं. फसवणूक झाल्याची भावना फार सुखाची असते.

"कारण आत तेच काम होतं." घरचा इन्व्हर्टर बॅटरीच्या एकदिश विजेची घराला चालेल अशी उलटसुलट वाहणारी वीज करतो. घरात येणारी ही वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन घेते. ए. सी.तला इन्व्हर्टर याच विजेची आधी एकदिश आणि मग हव्या त्या आवर्तनांची वीज बनवतो. आवर्तनं कमी केली की कॉम्प्रेसर हळू फिरतो, वाढवली की जोरात. जुना ए. सी. पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद. हा खोली गार झाली की हळू चालत राहतो आणि वीज वाचवतो. बॅटरी त्यात कुठेच नाही. दुकानातल्या पोराने हे सगळं सांगितलं होतं. मी मान डोलावली होती.

त्या रात्री लाईन परत आली तेव्हा घरात उत्साहाचा पूर आला. ए. सी. लागला, मेहुणीने साडीवर इस्त्री फिरवायला घेतली, बायकोने उरलेली भाजी मायक्रोवेव्हमध्ये ठेवली आणि मी रसाचा दुसरा घाणा काढायला मिक्सर लावला. खट्! एमसीबी पडली. वर केली. खट्! पुन्हा वर केली. तिसऱ्यांदा ती बोटाला जुमानेना.

लहानपणी आमच्याकडे चिनीमातीचे किटकॅट होते. फ्यूज उडाला की बाबा स्टुलावर चढत आणि तारेची दुहेरी पेड घालत. मग फ्यूज उडत नसे. याला आम्ही कायमचा इलाज समजायचो. त्याच परंपरेला जागून मी दुसऱ्या दिवशी वायरमनला म्हणालो, "ही १६ ची काढ आणि ३२ ची लाव."

त्याने स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवला. "साहेब, एमसीबी तुमच्यासाठी नाही, ए. सी.साठी नाही. भिंतीतल्या वायरसाठी आहे. वायर अडीचची. तिच्यातून जास्त करंट गेला की ती तापते, म्हणून एमसीबी पडते. ३२ ची लावली तर एमसीबी पडणार नाही. वायर जळन." आणि मग आमच्या घराचा हिशेब त्याने तोंडी केला: १६ अँपिअर म्हणजे ३,६८० वॅट. ए. सी. दीड हजार, इस्त्री हजार, मायक्रोवेव्ह बाराशे, मिक्सर साडेसातशे. बेरीज साडेचार हजारांच्या जवळ. हा माणूस नववीत शाळा सोडलेला. मी द्विपदवीधर. वर त्याने विचारलं, "माणसासाठी असते ती आरसीसीबी लावली का?" आमच्याकडे नव्हती. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पुरता परत आला नाही, म्हणजे कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चालला, की ती पडते. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला. एवढी वर्षं आम्ही वायरची काळजी अर्धवट आणि माणसांची अजिबात घेतली नव्हती. दोन्ही कामं त्याच दिवशी झाली. चारची वेगळी वायरही ओढली गेली. मी "बघू" म्हणालो नाही.

आता बिलाकडे येऊ. ए. सी. दीड किलोवॅटचा म्हणजे दिवसाला दीड युनिट, महिन्याला ४५, असा मी साधा सरळ हिशेब केला होता आणि तो बायकोला ऐकवूनही ठेवला होता. बिल आलं. युनिटचा आकडा ५०० च्या पलीकडे गेलेला. मी तडक वीज कंपनीला अर्ज लिहिला. "महोदय, आपल्या मीटरने आरंभलेली ही बेबंद घोडदौड," अशी त्याची सुरुवात होती. दोन पानं झाली. अनुप्रास साधले होते. खिडकीतल्या कारकुनाने तो शांतपणे वाचला, खाली माझा हिशेब पाहिला आणि म्हणाला, "सर, मराठी फार छान आहे तुमचं. फक्त तासाने गुणायचं राहिलं."

तासाने का गुणायचं, हे भाचीने घरी समजावलं. तिचं म्हणणं, पंगतीत बसलेला माणूस किती झपाट्याने जिलब्या हाणतो ते वॅट आणि उठेपर्यंत एकूण किती हाणल्या ते युनिट. आचारी पैसे झपाट्याचे घेत नाही, जिलब्यांचे घेतो. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. आमचा ए. सी. पूर्ण जोरावर दहा तास चालला की १५ युनिट, महिन्याला ४५०. बाकीचं घर त्यावर. शिवाय दर सरसकट नसतो. पहिली १०० युनिटं स्वस्त, ३०० पर्यंत महाग, ५०० पर्यंत आणखी महाग, त्यापुढे विचारू नये. ए. सी.वरच्या स्टिकरवर वर्षाला इतकी युनिटं असं छापलेलं असतं, तो आकडा वर्षाला १,६०० तासांचा असतो. नागपूरकर तेवढे तास कधी संपवतो ते त्यालाही कळत नाही. मी तर स्टिकरवरचे फक्त तारे मोजले होते, हॉटेलला मोजतात तसे.

एवढं झाल्यावर मला ज्ञानाची चटक लागली. जेम्स वॅट या स्कॉटिश गृहस्थांबद्दल वाचलं. वाफेचं इंजिन यांनी शोधलं असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो; प्रत्यक्षात न्यूकमेनचं इंजिन आधीपासून होतं, वॅटने त्यात मोठी सुधारणा करून १७६९ मध्ये पेटंट घेतलं. इंजिन विकायचं तर गिऱ्हाइकाला ते किती घोड्यांचं काम करेल हे सांगावं लागे, म्हणून त्याने अश्वशक्ती मोजून ठेवली. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. आमच्या बेडरूममध्ये दोन घोडे बांधलेले आहेत तर!

पण मला खरा धक्का बसला तो माणसाचा आकडा वाचून. धट्टाकट्टा गडी दिवसभर राबतो तेव्हा त्याची ताकद सरासरी ७५ वॅटच्या आसपास पडते. आपल्या जुन्या छताच्या पंख्याएवढी. आठ तास राबला तर ६०० वॅट-अवर. म्हणजे घामाने निथळून केलेली दिवसभराची मेहनत पुरतं एक युनिटही होत नाही, आणि एक युनिट आपल्याला काही रुपयांत मिळतं. मी १६ वर रिमोट लावून पांघरूण घेऊन झोपायचो तेव्हा रात्रभर वीसेक गड्यांची मजुरी माझ्या डोक्यावर चालू असायची. मी स्वतः त्या हिशेबात कितीचा, हे भाचीने विचारलं नाही. तिचे माझ्यावर उपकार आहेत.

खिडकीतला कूलर तोवर गॅलरीत धूळ खात पडला होता. भाचीने त्याचीही किंमत काढली. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेतं. तासाला साधारण पाच लिटर पाणी उडालं की जी उष्णता शोषली जाते ती झाली जवळपास एक टन. तोच तो बर्फाचा टन! नागपूरच्या कोरड्या मेमध्ये आमचा जुना डबा पंखा आणि पंप मिळून दोनशे-अडीचशे वॅटमध्ये हे करत होता आणि मी त्याला खटारा म्हणत होतो. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की पाणी उडत नाही, तेव्हा तो खरंच निकामी. पण तोवर त्याची सर ए. सी.ला नाही. आता एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे कूलर चालतो, जूनमध्ये ए. सी., आणि तोही २६ वर.

वाचकहो, न्यूटन-आइन्स्टाइन राहू द्या. घर चालवणाऱ्या माणसाला व्होल्ट, अँपिअर, वॅट, युनिट आणि टन हे पाच शब्द आले तरी पुष्कळ झालं. एवढ्यासाठी भाची लागत नाही. उपकरणाच्या मागच्या पट्टीवर वॅट छापलेले असतात, एमसीबीवर अँपिअर आणि बिलावर मंजूर भार. आज संध्याकाळी तेवढं वाचा आणि घरात आरसीसीबी नसेल तर वायरमनला फोन करा. ए. सी.च्या दुकानात त्यानंतर जा, आणि पोराने काही विचारलं तर मान स्थिर ठेवा.